वाईंतील एक निवांत दिवस

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें खंबाटकीचा घाट ओलांडला कीं सुरूरच्या फाट्याशीं एक वाट उजवीकडे वळते. ह्या वाटेनें दररोज शेंकडों मोटारी जातात. सुटीच्या दिवसांत तर त्यांची रांग लागते. त्यांत बसलेल्या बहुतेकांचें चित्त पांचगणी-महाबळेश्वराकडे लागलेलें असतें. वाट वाईवरून जाते म्हणून वाई त्यांना दिसते. ते ती पाहत नाहींत. फार झालें तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून ढोल्या गणपतीला हात जोडतात, चहा घेतात आणि पसरणीच्या घाटाला लागतात.

पूर्वीं असें नव्हतें. आगगाडीनें वाठार स्टेशनावर उतरून टांग्यानें किंवा बैलगाडीनें महाबळेश्वर गांठावयाचें म्हणजे सुमारें ४० मैलांची मजल पडे, आणि वाई जवळजवळ तिच्या मध्यावर. घोडीं थकत, बैल थकत, म्हणून माणसें थांबत. एकदां थांबणें झालें कीं कृष्णेंत स्नान होई, देवदर्शन होई, घाटावर बसून गांवच्या चार गोष्टी कानांवर पडत. मोटार आली आणि हा विसावा गेला. एंजिनाला दम लागत नाहीं, म्हणून माणसालाहि दम घेण्याचें कारण उरलें नाहीं. वेळ वांचला हें खरें. परंतु त्या वांचलेल्या वेळाचें पुढें काय होतें, हें महाबळेश्वरच्या बाजारांतील गर्दीकडे पाहिल्यास सहज कळून येईल.

वाईंत पाहण्यासारखें काय, म्हणून कोणी यादी मागितली तर ती हाताच्या बोटांवर संपेल. कांहीं गांवें अशीं असतात कीं त्यांच्यांतील एकेक वस्तु वेगळी काढून दाखवितां येत नाहीं; नदी, घाट, देऊळ, बोळ, माणसें हीं सर्व एकमेकांत विणलेलीं असतात. अशा गांवाला वेळ द्यावा लागतो. निदान एक पुरा दिवस, तोहि कोठें पोहोंचण्याची घाई नसलेला.

समजा, मुंबईचे एक पेन्शनर गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या नातवाला घेऊन एस्. टी. नें आदल्या संध्याकाळींच वाईला येऊन उतरले आहेत. महिना मार्गशीर्ष किंवा पौष. कारण वाईला जावें तें थंडींतच. उन्हाळ्यांत दगडी घाट तापतात आणि पावसाळ्यांत नदीच्या रंगाचा कोणी नेम सांगूं नये. पहांटे उठून दोघे घाटावर येतात. कृष्णेवर धुकें असतें. पलीकडचा तीर दिसत नाहीं, पण कपडे आपटल्याचा आवाज मात्र त्या बाजूनें स्पष्ट येतो. मग हळूहळू डोंगरामागून ऊन चढतें. एका बाजूस पांडवगड, दुसऱ्या बाजूस वैराटगड असे एकेक उघडे पडूं लागतात. हीच महाभारतांतील विराटनगरी, पांडवांनीं अज्ञातवासाचें वर्ष येथेंच काढलें, असें वाईकर अभिमानानें सांगतात. महाराष्ट्रांतील व महाराष्ट्राबाहेरील आणखीहि कांहीं गांवें तसेंच सांगतात! मुलांना ही कथा अवश्य सांगावी, पण कथा म्हणूनच सांगावी. वाईला इतिहास इतका आहे कीं तिला पुराणाकडून उसनवारी करण्याचें कारण नाहीं.

वाईचे घाट सात म्हणून मोजतात, आणि ते आळ्यांच्या नांवांनीं ओळखले जातात: गणपति आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, धर्मपुरी, भीमकुंड. प्रत्येक आळीचा आपला घाट, आपलें देऊळ आणि पूर्वींच्या काळीं आपला म्हणून एक स्वभावहि. ह्या घाटांवरून नुसतें चालत जावें. पायऱ्यांची झीज पाहावी. कोठें मधोमध खोलगट झालेली पायरी दिसते, कोठें कडेची. घागर भरून वर चढणाऱ्या बायकांची वाट कोणत्या बाजूनें असे आणि स्नानाला उतरणाऱ्यांची कोणत्या, हें त्या दगडांवरून अजून ओळखूं येतें.

गणपति आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचें देऊळ. मूर्ति भव्य, अखंड शिळेंतून घडविलेली; रूप असें कीं ‘ढोल्या’ हें लाडकें नांव ऐकतांच पटावें. गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनीं हें देऊळ १७६२ सालीं बांधविलें. बहुतेक लोक समोरून दर्शन घेतात आणि समोरूनच परत जातात. परंतु देवळाला वळसा घालून मागें गेल्याशिवाय तें देऊळ पाहिलें असें म्हणूं नये. मागची भिंत सरळ नाहीं. ती मधोमध पुढें आलेली, दोन्ही अंगांनीं निमुळती होत गेलेली आहे. लोक तिला मत्स्याकार म्हणतात.

“आजोबा, ही भिंत अशी टोंकदार कां हो?” असें नातू विचारणारच.

शहाण्या आजोबांनीं येथें उत्तर सांगून टाकूं नये. “नावेचें नाक पाहिलेंस का रे कधीं? तें तसें कां करतात, सांग पाहूं,” असें म्हणून त्याला नदीकडे तोंड करून उभें करावें. नदी कोणत्या बाजूनें येते, पूर आल्यास पाणी कोठवर चढेल, आणि सपाट भिंतीवर तो सगळा लोंढा आदळला तर काय होईल, हें पाहतां पाहतां मुलगा आपण होऊन उत्तरापाशीं येतो. पाणी दुभंगून दोन्ही अंगांनीं निघून जावें म्हणून ही योजना आहे. अडीचशें वर्षांहून अधिक काळ कृष्णेचे लहानमोठे पूर ह्या भिंतीनें अंगावर घेतले. तिचा नकाशा करणारा कारागीर कोण होता हें देवळावर लिहिलेलें नाहीं; पैसा देणाऱ्याचें नांव मात्र सर्वांना पाठ आहे. जगाची रीत अशीच आहे.

शेजारींच काशीविश्वेश्वराचें देऊळ. तें आनंदराव भिकाजी रास्ते ह्यांनीं १७५७ सालीं बांधविलें. त्याच्या आवारांतला काळ्या दगडाचा नंदी निवांतपणें न्याहाळावा. दगड इतका गुळगुळीत घोटलेला कीं त्यावर हात फिरविण्याचा मोह आवरत नाहीं. गळ्यांतल्या माळा, घंटा, पाठीवरची झूल सर्व एका एका रेषेनें कोरलेलें.

येथें थोडें बसून दोन सनांचा विचार करावा. एक १७५७ आणि दुसरा १७६२. पहिल्या वर्षीं मराठ्यांचा दरारा हिंदुस्थानभर वाढत होता. दुसरें वर्ष उजाडलें तेव्हां पानिपत होऊन एक वर्ष उलटलें होतें. आणि रास्त्यांच्या घराला पानिपत म्हणजे दूरच्या रणांगणावरची वार्ता नव्हती. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही ह्याच घराण्याची लेक, भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी. तिचा थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडला. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत नवरा गेला. दुसरा मुलगा थोरला माधवराव क्षयानें १७७२ सालीं गेला आणि धाकट्या नारायणरावाचा खून १७७३ सालीं शनिवारवाड्यांत झाला. एका बाईच्या वांट्याला आलेला हा हिशेब आहे. भाच्याच्या आणि मेहुण्याच्या मृत्यूनंतर वर्षभरानें त्या घरच्या माणसानें वाईला विघ्नहर्त्याचें एवढें मोठें देऊळ उभारावें, ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडणारा कागद असो वा नसो; त्या ओट्यावर बसलेल्या माणसाच्या मनांत तो जोडला गेल्याशिवाय राहत नाहीं. शाळेंतल्या पुस्तकांत पानिपत एका पानांत संपतें. वाईच्या घाटावर तें संपत नाहीं.

ऊन चढूं लागलें म्हणजे बाजाराकडे वळावें. वाईची पेंठ हळदीची. हंगामांत त्या बाजूनें जातांना वास आधीं येतो आणि दुकान मागाहून दिसतें. आजूबाजूला ऊंस, भाजीपाला. वरच्या डोंगरांतून उतरणाऱ्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या. बाजारांत विकत कांहींच घेतलें नाहीं तरी चालेल, परंतु विचारपूस अवश्य करावी. मुंबईच्या माणसाला भाव विचारण्याची संवय असते, ख्यालीखुशाली विचारण्याची नसते. येथें एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला “काय काका, यंदा हळद कशी काय?” एवढेंच विचारल्यास पाऊस, मजुरी, मुलगा पुण्याला नोकरीला लागल्याची हकीकत आणि कोणत्या खाणावळींत चांगली भाकरी मिळते, इतकें सर्व विनामूल्य मिळतें.

बाजारामागच्या आळ्यांतून फिरतांना मन जरा जड होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. अजून कोठें कोठें दगडी जोत्याचा, नक्षीदार लांकडी खांबांचा वाडा दिसतो. कोठें नुसता दरवाजाच शिल्लक असतो आणि आंत रान माजलेलें असतें. कोठें वाड्याच्या जागीं चार मजल्यांची इमारत उभी राहिली आहे. ह्याबद्दल वाईकरांना दोष देणें सोपें आहे. परंतु एका वाड्याचे पंधरा वांटेकरी, त्यांतले दहा परगांवीं. गळणाऱ्या छपराची कौलें कोणी फेरावयाचीं? जुन्या वाड्यावर प्रेम करावें असें ज्यांना वाटतें ते बहुधा नव्या घरांत राहत असतात. ब्रिटिश अमदानींतला नदीवरचा जुना दगडी पूलहि आतां राहिलेला नाहीं. त्याच्या जागीं नवा पूल झाला आहे. वाहनें वाढलीं, पूल रुंद हवा होता. तक्रार कोणाकडे करणार?

दुपारचें जेवण आणि त्यानंतरची घटकाभर विश्रांति ह्यांविषयीं अधिक सांगण्याचें कारण नाहीं. तीं दोन्हीं नीट झालीं म्हणजे गंगापुरीकडे जावें. वाईची खरी श्रीमंती तेथें आहे, आणि ती मोटारीतून दिसत नाहीं.

नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं वाईंत प्राज्ञपाठशाळेचा पाया घातला. वेदान्त, मीमांसा, न्याय शिकविणारी पाठशाळा म्हटली कीं डोळ्यांपुढें सोंवळ्यांतली, जगाला पाठ फिरवून बसलेली संस्था उभी राहते. ही तशी नव्हती. शास्त्र शिकावें तें आजचे प्रश्न सोडविण्यासाठीं, अशी येथली धारणा होती. १९१७ च्या सुमारास साबरमतीच्या आश्रमांतून रजा घेऊन एक कृश तरुण येथें उपनिषदें आणि शांकरभाष्य शिकण्यास येऊन राहिला. त्याचें नांव विनोबा भावे. खानदेशांतल्या पिंपळनेरहून पोरवयांत आलेला दुसरा एक विद्यार्थी म्हणजे लक्ष्मणशास्त्री जोशी. हे तर्कतीर्थ झाले, अस्पृश्यतानिवारणाला धर्मशास्त्राच्याच आधारें त्यांनीं बळ दिलें, आणि त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ ह्या ग्रंथाला १९५५ सालीं मराठींतलें पहिलें साहित्य अकादमी पारितोषिक मिळालें. प्राचीन धर्मशास्त्राचीं वचनें विषयवार एकत्र करणाऱ्या ‘धर्मकोशा’चें प्रचंड काम ह्याच गांवीं झालें, त्याचा पहिला भाग १९३७ सालीं छापून निघाला.

पुढें महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी विश्वकोशाची योजना निघाली, आणि तिचें कार्यालय मुंबईंत नाहीं, पुण्यांत नाहीं, तर वाईंत थाटलें गेलें. कारण तिचे प्रमुख तर्कतीर्थ वाईंत राहत होते. पहिला खंड १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. जगांतील सर्व ज्ञान मराठींत आणण्याचें काम, आणि तें एका तालुक्याच्या गांवीं, कृष्णेच्या कांठीं! अणूपासून अरबी भाषेपर्यंत आणि शेवाळापासून शेक्सपिअरपर्यंत नोंदी येथें तपासल्या गेल्या. नातू विचारील, “पण आजोबा, हें सगळें तर मोबाइलवर मिळतें ना?” त्याला खुशाल सांगावें कीं हा विश्वकोशहि आतां तेथें मिळतो. मात्र मोबाइलवर जें मिळतें तें आधीं कोणी तरी कागदावर लिहिलेलें, खोडलेलें, पुन्हां लिहिलेलें असतें. तें लिहिणारीं माणसें संध्याकाळीं ह्याच बोळांतून घाटावर फिरावयास जात असत. ही गोष्ट त्या मुलाच्या मनांत राहिली तर एस्. टी. चें भाडें वसूल झालें असें समजण्यास हरकत नाहीं.

ऊन कललें म्हणजे मेणवली. वाईपासून हें खेडें जेमतेम दीड-दोन मैल. धडधाकट माणसानें पायीं जावें. आजोबांचे गुडघे कुरकुरत असतील तर रिक्षा मिळते. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, सहा चौकांचा. आणि त्याच्या पाठीमागें नदीवर चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. घाट तोच, पण वाईच्या घाटांची गजबज येथें नाहीं. पाण्यांत पायऱ्यांचीं प्रतिबिंबें पडतात, एखादी म्हैस डुंबत असते. हिंदी चित्रपटवाल्यांना हें स्थळ फार आवडतें. ‘स्वदेस’ ह्या २००४ सालच्या चित्रपटांतील गांव बव्हंशीं हेंच, त्यामुळें नातवाला घाट ओळखीचा वाटेल आणि आजोबांना नाना फडणवीस. दोघांनींहि आपापली ओळख एकमेकांना करून द्यावी.

घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळापाशीं दगडी घुमटीखालीं एक मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिल्यास तीवर मेरीमाता आणि बाळ येशू ह्यांची आकृति उठविलेली दिसते, आणि १७०७ हा सन. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली तेव्हां पोर्तुगीजांच्या चर्चांतील घंटा मराठ्यांनीं विजयचिन्हें म्हणून आणिल्या. त्यांपैकीं ही एक. ज्या घंटेनें वसईच्या किनाऱ्यावर प्रार्थनेला माणसें बोलाविलीं, ती सह्याद्रीच्या पोटांत महादेवापुढें वाजूं लागली. आणि कोणीहि तीवरची ती आई-लेंकराची आकृति घासून टाकली नाहीं.

वाड्यांतल्या भिंतींवर जुनीं चित्रें आहेत, पुसट होत चाललेलीं. परंतु मेणवलीचा खरा खजिना दुसराच होता, तो म्हणजे नानांचें दफ्तर. अर्ध्या हिंदुस्थानचीं कारस्थानें, तह, बातम्या, हिशेब ज्या माणसाच्या हातांखालून गेले, त्याचे कागद ह्या खेड्यांतल्या वाड्यांत पडून होते. नाना १८०० सालीं वारले, त्यानंतर अठरा वर्षांनीं पेशवाई बुडाली, आणि कागद मात्र उरले. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांच्या हातीं हें दफ्तर आलें, आणि साताऱ्यांतील त्यांच्या संग्रहाबरोबर तें १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेलें. वाळवीच्या तोंडून तें सुटलें हें मराठ्यांच्या इतिहासाचें मोठें भाग्य. वाड्यांत हिंडतांना तें कोणत्या खोलींत असेल असा तर्क करण्याची मौज मात्र प्रत्येकाला फुकट आहे.

दिवेलागणीच्या आंत पुन्हां वाईच्या घाटावर यावें. सकाळचा घाट आणि संध्याकाळचा घाट हे दोन वेगळे असतात. सकाळीं जो तो आपल्या कामाला आलेला असतो; संध्याकाळीं माणसें नुसतीं बसावयास येतात. म्हाताऱ्या बायका पायरीवर पाय सोडून बसतात. त्यांच्यापैकीं एखादीला “आजी, कृष्णाबाईचा उत्सव केव्हां असतो?” असें नातवानें विचारावें आणि मग गप्प बसून ऐकावें.

हिवाळा सरतां सरतां वाईंत हा उत्सव सुरू होतो. नदीलाच देवी मानून तिची मूर्ति घाटावर मांडवांत बसवितात; एका आळीचे दिवस संपले कीं दुसऱ्या आळीचे. कीर्तनें होतात, पंगती उठतात. परंपरा अशी सांगते कीं १६५९ सालीं अफझलखान वाईला तळ देऊन होता तेव्हां गांवांतील एका शास्त्र्यानें कृष्णेला नवस केला: शिवाजीमहाराजांना यश दे, आम्ही तुझा उत्सव करूं. वाईची सुभेदारी खानाकडेच होती. प्रतापगड तेथून एका मजलेवर. १० नोव्हेंबरला काय झालें तें सर्वांना ठाऊक आहे. नवसाची कथा शब्दशः खरी कीं कसें, ह्याचा वाद पंडितांनीं घालावा. ज्या नदीचें पाणी शत्रूचीं घोडीं पीत होतीं, तिच्याचकडे कोणी तरी स्वराज्यासाठीं गाऱ्हाणें घातलें, हें ऐकून अंगावर कांटा येतो.

आणि नेमकी हीच नदी आज संध्याकाळच्या उजेडांत पाहिली म्हणजे डोळे खालीं जातात. वर धोमला धरण झालें. पाणी सोडतील तेवढें येतें. घाटाच्या कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, निर्माल्य कुजत असतें, गांवाच्या सांडपाण्याचा वास कधीं कधीं आरतीच्या धुपाच्या वासांत मिसळतो. जिला आई म्हणून ओटी भरावयाची तिच्याच अंगावर केर टाकावयाचा, हा हिशेब कोणत्या शास्त्रांत बसतो तें धर्मकोशाच्या इतक्या भागांतहि सांपडणार नाहीं. गांवांत ह्याची लाज वाटणारी माणसें आहेत. घाट झाडावयास स्वतः उतरणारे तरुणहि दिसतात. परंतु केर कांहीं सगळा गांवचाच नसतो. चहा पिऊन पुढें गेलेल्या मोटारींतूनहि पुष्कळसा पडलेला असतो.

धोमचें नरसिंहाचें देऊळ आणि तेथला कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी पाहावयाचा राहिला, ही गोष्ट आजोबांच्या ध्यानांत येते ती येथें, अंधार पडतांना. नातू म्हणतो, “मग उद्यां जाऊं या ना!” आजोबा खिशांतून परतीचें तिकीट काढतात, चष्मा लावून त्यावरची वेळ वाचतात, आणि तें पुन्हां खिशांत ठेवून देतात.